पिवळीतली गोणी

धक्क्यावर तिला सगळे गोणी म्हणत. पाठीमागे नव्हे, चक्क तोंडावर. आणि तीही हसून ओ देई. एखाद्या बाईला गोणी म्हणावं आणि तिने ओ द्यावी, हे ऐकायला बरं वाटत नाही, मान्य. पण हे नाव कुठून आलं ते आधी सांगायला हवं. म्हणजे इतकी वर्षं तिला ते गोड का लागलं आणि मग एका हंगामात घशात का अडकलं, ते कळेल.

ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. धुलाईखाना तळघरात. वर डॉक्टर, नर्स आणि नातेवाइकांची धावपळ, खाली वाफ, साबणाचा वास आणि चादरींचे डोंगर. ओल्या चादरी यंत्रातून उपसायच्या, तापलेल्या रुळांमधून काढायच्या आणि मग दोघींनी टोकं धरून घड्या घालायच्या. ओली चादर किती जड असते हे ज्याने उपसली त्यालाच माहीत. घडी घालण्याआधी चादरीला एक झटका द्यावा लागतो. तिने झटका दिला की पलीकडची बाई आपोआप दोन पावलं पुढे यायची. नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगून ठेवत, "हिच्यासमोर उभी राहणार असशील तर पाय रोवून उभी राहा गं."

अंगाने ती दणकट होती, म्हणजे सरळ सांगायचं तर लठ्ठ होती, आणि लहानपणापासून होती. फोटोत तिला मागच्या रांगेत उभी करत. कपड्यांच्या दुकानात ती शिरली की दुकानदार कपाटाकडे न बघताच मान हलवी. कुणाकडे पाहुणी गेली तर घरची माणसं आळीपाळीने एकदा तिच्याकडे आणि एकदा खुर्चीकडे बघत. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ती दाखवायची. वाटायचं. चांगलंच वाटायचं.

तिचा धाकटा भाऊ नळ दुरुस्तीचं काम करायचा. हात सोन्यासारखे, पण बूड एका जागी ठरेल तर शपथ! लहानपणी जेवायला बसला की जेवण संपेपर्यंत चारी दिशांना तोंड करून व्हायचं. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा बायको स्वच्छ दिसते आणि हा पुसट, कारण ऐन वेळी हलला. अशा माणसाने शिडाच्या होडीचा नाद धरला यात नवल नाही. त्याने आणि त्याच्या बायकोने मिळून एक जुनी, पिवळ्या रंगाची होडी घेतली, तिला ठिकठिकाणी ठिगळं लावली, आणि जवळपासच्या किनाऱ्यांवर हंगामात ज्या शर्यती होत, त्यांत दोघं उतरू लागली. होडीला सगळे पिवळीच म्हणत. भाऊ सुकाणूवर, भावजय पुढच्या लहान शिडावर, आणि मधली जागा रिकामी. जोराचा वारा असला की तिथे वाळूने भरलेली गोणी ठेवत, म्हणजे वजनाने होडी सरळ राही.

एका शर्यतीच्या दिवशी वारा पिसाळलेला, आणि ऐन धक्क्यावर गोणी फुटली. वाळू पाण्यात. नेमकी त्याच वेळी ती भावाचा विसरलेला डबा घेऊन आली होती. भावाने एकदा फुटक्या गोणीकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे पाहिलं.

"ताई, पोहता येतं ना तुला अजून?"

"येतं. का रे?"

"मग चढ."

डबा धक्क्यावर राहिला आणि ती होडीत. वारा जोराचा असला की होडी एका बाजूला कलते. ती उलटू नये म्हणून माणसांनी दुसऱ्या बाजूच्या काठावर बसून, पाय आतल्या पट्ट्यात अडकवून, सगळं अंग मागे पाण्यावर झोकून द्यायचं असतं. जितकं वजन जास्त तितकी होडी सरळ, आणि जितकी सरळ तितकी पळणार. भाऊ मागून ओरडत होता, "अजून! अजून बाहेर! सगळी ये!" आणि ती सगळी गेली. पाठीला पाणी लागत होतं, नाकातोंडात मीठ, चपला कधीच वाहून गेलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला थोडं सरकून बस म्हणत नव्हतं, अजून ये म्हणत होतं. पिवळी त्या दिवशी दुसरी आली. धक्क्यावर उतरल्यावर ती नखशिखान्त भिजलेली, केसांच्या दोऱ्या झालेल्या, आणि पहिला प्रश्न काय, तर "पुढची कधी आहे?"

तेव्हापासून ती पिवळीची गोणी. भाऊ धक्क्यावरून हाक मारायचा, "गोणी आली का? वारा आलाय!" त्या हाकेत कौतुक असायचं, म्हणून ते नाव गोड लागायचं. ताई हा शब्द मात्र त्याच्या तोंडून हळूहळू गळून गेला. पुढे घरातसुद्धा तो तिला गोणीच म्हणू लागला. आणि पिवळीची एक रीत होती: ज्याच्या चुकीने शर्यतीत नंबर जाईल त्याने शिडं गोड्या पाण्याने धुवायची, नाहीतर मिठाने कापड कडक होतं. रीत चांगली, पण तीही अशीच बदलली. चूक कुणाचीही असो, नळी तिच्या हातात यायची. "तुला काय, रोजचंच आहे," असं म्हणून दोघं चहाला पळायची. ती धुवायची. तिने धुतलेलं शीड चांगलंच निघायचं, ती गोष्ट वेगळी.

मग शर्यतींची वेळ बदलली. दुपारी मासेमारीच्या होड्या परत येतात, त्यांची आणि शर्यतींची गर्दी व्हायला लागली, म्हणून शर्यती सकाळी घ्यायचं ठरलं. सकाळी तिथे वारा कसला! असलाच तर आजारी माणसाच्या श्वासासारखा, आला आला म्हणेपर्यंत गेला. पिवळी मागे पडू लागली. मधून शेवटी, शेवटून आणखी शेवटी. भाऊ आधी शिडांना बोलला, मग होडीच्या तळाला बोलला, आणि सगळी कारणं संपल्यावर त्याची नजर मधल्या जागेवर आली.

एका संध्याकाळी त्याने तिला घरी बोलावलं. नळवाल्याच्याच स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता. भावजय कपबशा मांडताना तिच्याकडे बघत नव्हती, त्यावरूनच हिला काय ते समजलं.

"हिचा मामेभाऊ आहे ना," भाऊ खुर्चीवरून उठत म्हणाला, "चष्म्याच्या दुकानातला. सुतळी म्हणतात त्याला. अगदीच हलका आहे गं. पुढच्या वर्षापासून त्याला घ्यावं म्हणतोय. तुझ्यावर राग नाही, पण वाराच नसला तर गोणीचं काय करायचं?"

आपल्यावर हसायला लोकांनी सुरुवात केली की आपणच आधी हसून मोकळं व्हायचं, हा तिचा जन्माचा उपाय. त्या दिवशी तिला हसू फुटलं नाही. गोणी म्हणजे होडीत टाकायची आणि नको असली की उचलून खाली ठेवायची वस्तू; हे नाव तिने इतकी वर्षं हौसेने मिरवलं होतं. तिने चहा संपवून कप बशीत ठेवला.

"हंगामाची एक शर्यत उरलीय ना?" ती म्हणाली.

"उरलीय. त्या दिवशीही वारा पडलेलाच असणार."

"असू दे. ती मी करणार. मी होडीत असताना पहिल्या तिनात आलो तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही आलो तर मी माझ्या पायांनी उतरेन, आणि सुतळीला माझं तरंगायचं जॅकेट देऊन टाकेन."

"तुझ्या जॅकेटात तो चार वेळा मावेल," भाऊ म्हणाला.

"ठरलं का ते सांग."

"ठरलं," भाऊ म्हणाला.

त्याच आठवड्यात भावाने सुतळीला सरावासाठी होडीत घेतलं. ती मुद्दाम धक्क्यावर जाऊन उभी राहिली. सुतळी सभ्य माणूस; होडीत चढताना "काकू, तुम्हाला राग नाही ना?" असंही विचारून गेला. राग आला तो काकू म्हटल्याचा. पण तिचं लक्ष पिवळीवर नव्हतंच. दरवर्षी पहिली येणाऱ्या लाल होडीवर होतं. त्या होडीत तिघं होते आणि तिघंही मेल्यासारखे पडून होते. वाऱ्याखालच्या, म्हणजे शीड जिकडे झुकतं त्या बाजूला रेलून, तळाशी अंग टाकून. होडी त्या बाजूला जराशी कललेली, त्यामुळे वारा नसला तरी शीड आपल्याच भाराने फुगीर लोंबत होतं. कुणी मान वळवत नव्हतं, कुणी नाक खाजवत नव्हतं. आणि होडी चालत होती. शेजारची पिवळी सुतळीसकट जागच्या जागी डुलत होती.

रात्रभर डोक्यात तेच घोळलं. वजन थोडं नडतं हे खरंच, पण खरी नडते ती हालचाल. माणूस हलला की होडी हलते, होडी हलली की शीड हलतं, आणि शिडात जमलेला तोळाभर वारा सांडून जातो. भरलेली बादली घेऊन चालण्यासारखंच आहे की हे. बादल्या तर तिने जन्मभर वाहिल्या होत्या.

तिचा नवरा टायरवाला. पंक्चर काढायच्या दुकानातून त्याने तिला जाड पाइपाचा एक तुकडा आणून दिला. तिने तो स्वयंपाकघरात आडवा टाकला, त्यावर फळी ठेवली, आणि फळीच्या टोकाशी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. मग स्वतः त्या फळीवर बसली. पहिल्या दिवशी पेला गेला, फळी गेली आणि तीही गेली. आवाज ऐकून नवरा धावत आला.

"कोण पडलं?"

"पेला," ती जमिनीवरून म्हणाली.

"एवढा जड पेला आपल्याकडे कधी आला?"

तिने त्याच्या अंगावर ओलं फडकं फेकलं आणि पुन्हा फळी मांडली. रोज कामावरून आली की हेच. आधी बसायचं, मग बसून एका बाजूला सरकायचं, मग एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायचं, कारण होडी वळली की बाजू बदलावी लागते. गुडघे बोलायला लागले. कंबर तर शिव्याच द्यायला लागली. "कशाला जिवाचे हाल करून घेतेस? बाई, तो भाऊच आहे तुझा, नळाचं पाणी तोडणार नाहीये तुझं," नवरा म्हणायचा. ती म्हणायची, "पेला भर." शेवटी शेवटी नवरा भांडी विसळताना तिच्याशी गप्पा मारू लागला, आणि ती ओठ न हलवता उत्तरं द्यायला शिकली. धुलाईखान्यातल्या बायकांना वाटलं, हिला कसलं तरी व्रत आहे. एक प्रकारे होतंच.

शर्यतीचा दिवस उजाडला तो काचेसारखा. समुद्राला सुरकुती नाही. धक्क्यावर सुतळी नवं कोरं जॅकेट घालून उभा होता, वेळ पडली तर असावं म्हणून. भावाने आकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. ती केव्हाच होडीत जाऊन बसली होती.

शर्यती सुरू करायचं काम एका निवृत्त मास्तरांकडे होतं. हवा भरलेला भोंगा वाजवत, म्हणून त्यांना भोंगेकाका म्हणत. त्यांची बोट आणि पाण्यावर तरंगणारी एक नारिंगी बोया, यांच्यामधली रेघ हीच सुरुवात आणि हाच शेवट. लांबच्या दोन बोयांना वळसा घालून परत यायचं. भोंगा वाजला. एरवी या वेळी आरडाओरडा होतो, दोऱ्या खेचल्या जातात, पाणी उडतं. त्या दिवशी सगळ्या होड्या वरात निघाल्यासारख्या हळूहळू सुटल्या.

ती वाऱ्याखालच्या बाजूला, तळाच्या फळ्यांवर आडवी झाली. तिथून तिला समुद्र दिसत नव्हता, बाकीच्या होड्या दिसत नव्हत्या. दिसत होती ती शिडाची खालची कड आणि भावजयीची टाच. कान मात्र फळीला लागलेला होता, आणि फळीपलीकडून पाण्याचा आवाज येत होता, पेज उकळायला लागताना येतो तसा बारीक. बुडबुड चालू आहे म्हणजे होडी चालू आहे. तिने त्या आवाजाला जीव लावला.

"वळतोय," भाऊ कुजबुजला. ती उठली आणि पलीकडे गेली. कशी गेली ते भावजयीलाही कळलं नाही; तिने वळून पाहिलं तेव्हा ही दुसऱ्या बाजूला आडवी झालेली. बुडबुड थांबली नव्हती. भावजय ओठ न हलवता म्हणाली, "वन्सं, कमाल आहे हं तुमची." पहिली बोया गेली. दुसरी बोया गेली. पुढच्या होड्यांमध्ये माणसं कंटाळली होती. कुणी उठून वारा शोधत होता, कुणी पाणी पीत होता, कुणी शेजारच्या होडीशी गप्पा मारत होता. पिवळी एकेकीला मागे टाकत गेली.

"सहावे," भावजय पुटपुटायची. मग "पाचवे." मग बराच वेळ काही नाही, आणि मग, "तिसरे. वन्सं, तिसरे आहोत."

तिच्या अंगाखालचा पाय केव्हाच बधिर झाला होता. आता त्यातून मुंग्या निघून गेल्या होत्या आणि पाय आपला आहे की फळी आहे ते कळेना. ऊन कानशिलावर आलं. एक माशी येऊन नाकावर बसली, खाली उतरली, ओठावर चालली, पुन्हा नाकावर गेली. बस बाई, बस तिथेच, ती मनात म्हणाली, पण तूही हलू नकोस.

शेवटची रेघ जवळ आली हे तिला भोंगेकाकांच्या खोकल्यावरून कळलं. त्यांचा खोकला ओळखीचा होता. आणि त्याच वेळी मागे भावाची चुळबुळ सुरू झाली.

"निळी होडी कुठे आहे गं?" त्याने विचारलं.

"आहे मागे. बसा," भावजय म्हणाली.

"किती मागे?"

"आहे म्हटलं ना. बसा."

"मला शीड आड येतंय. एकदाच बघतो."

"अहो, बसा!"

आणि तो उठला. सुकाणूची दांडी हातात धरून, मान लांब करून, टाचा उचलून उभा राहिला. पिवळी त्याच्या पायाखाली डचमळली. शीड एकदा इकडे, एकदा तिकडे हललं आणि ओल्या फडक्यासारखं लटकलं. तिच्या कानाखालची बुडबुड थांबली.

तेवढ्या शांततेत तिला सगळं समजलं. उठून त्याच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं, आणि तिने दिली असती तर कुणी दोष दिला नसता. पण ती उठली असती तर होडी आणखी डुलली असती. तिने डोळे मिटून घेतले आणि पडून राहिली. पाणी पुन्हा हळूहळू बोलायला लागलं. फार हळू. शेजारून दुसऱ्याच कुणाचं तरी पाणी खळखळत पुढे गेलं, भोंगा वाजला, आणि त्याच्यानंतर लगेच पुन्हा वाजला. दुसरा भोंगा त्यांचा होता. पिवळी चौथी आली.

धक्क्याला लागल्यावर तिला उठताच येईना. भावजयीने पाय चोळला, सुतळीने हात दिला, आणि ती लंगडत वर आली. तिने जॅकेटचे बंद सोडले, जॅकेट काढलं आणि सुतळीपुढे धरलं. ठरलं ते ठरलं. सुतळीने ते घ्यायला हात पुढे केला नाही; तो बापडा भावाकडे बघत राहिला.

निळ्या होडीतला एकजण, खुशीतच, हसत ओरडला, "काय राव, हातातली तिसरी जागा घालवलीत! गोणी खाली ठेवून आला असतात तर आम्हाला कुठले सापडला असतात!"

धक्क्यावरची माणसं हसली. भोंगेकाकाही हसले. ती नेहमीसारखी आधी हसायला तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊ बोलला. मोठ्याने नाही बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तिच्यामुळे नाही गेली. मी हललो." आणि थोडं थांबून, "ती सबंध शर्यतीत हलली नाही. मी हललो."

तिने जॅकेट तसंच धरलं होतं. भावाने ते तिच्या हातातून घेतलं आणि तिच्याच खांद्यावर टाकलं.

"तिसरे आलो नाही," ती म्हणाली. "शब्द दिला होता मी."

"शब्द तुझ्या वजनाचा होता. माझ्या वळवळीचं काही ठरलं नव्हतं."

मग तो खाली होडीत उतरला. दोन्ही शिडं काढून त्याने वर आणली, सिमेंटवर पसरली, आणि कोपऱ्यातल्या नळाला नळी लावली. इतक्या वर्षांत त्या नळीला त्याचा हात लागला नव्हता. पहिली धार त्याच्याच तोंडावर उडाली. भावजयीने चहा आणला. तिने एक उलटं खोकं ओढलं, त्यावर ऐसपैस बसली, बधिर पाय लांब केला आणि कप तोंडाला लावला. खोकं कुरकुरलं. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

भाऊ धूत होता. वाईट धूत होता. पाणी एकाच जागी, कडा कोरड्या, आणि स्वतः मधोमध उभा राहून शीड तुडवतोय. बराच वेळ तिने सहन केलं.

तेवढ्यात त्याने मान वर केली. ओले केस कपाळावर चिकटलेले, लहानपणी जेवता जेवता ताटावरून उठून यायचा तसाच दिसत होता.

"ताई," त्याने विचारलं, "साबण लावायचा का गं याला?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. तिला आता न हलता बसायची सवय झाली होती.

"साबण लावलास तर हात तोडीन," ती म्हणाली. "आणि आधी शिडावरून खाली उतर."